गिऱ्हाईक गेलं तिकडं

शेटेकाकांनी पुस्तकाला कधी 'आयटम' म्हटलं नाही. आमच्या चाकणच्या वेअरहाऊसमध्ये सगळंच आयटम असतं. कुकर आयटम, गुडघ्याचा पट्टा आयटम, तान्ह्या मुलांचे डायपर आयटम. एवढ्या मोठ्या शेडमध्ये प्रत्येक वस्तूला तिच्या नावानं हाक मारत बसलं तर एकही गाडी वेळेवर सुटायची नाही. पण काका शेवटपर्यंत "ताई, तिसऱ्या रांगेत एक पुस्तक दुमडलंय" असंच सांगायचे. मी सुरुवातीला दोनतीनदा त्यांना दुरुस्त केलं, मग मलाच कंटाळा आला.

मी तिथं शिफ्ट इन्चार्ज होते. मूळची अंबाजोगाईची, राहायला मोशीला, आणि खरं सांगायचं तर पुस्तकांशी माझा संबंध परीक्षेपुरताच. त्यामुळे काकांबद्दल लिहायला मी काही योग्य बाई नव्हे. त्यांच्यावर लिहावं ते तळेगावातल्या त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांनी. पण दुकान बंद झाल्यावर काका कुठं गेले, हे त्या मंडळींना बहुतेक ठाऊक नसावं. मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याकडे आले होते.

मुलाखतीच्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून. बाकी रांगेत सगळी विशीतली पोरं, कानात वायरी, पायात सँडल. एचआरच्या मुलानं त्यांना विचारलं, "काका, दिवसभर चालावं लागतं इथं. जमेल का?"

"दुकानदार माणूस आहे मी. बसायची सवयच नाही."

"काही एक्स्पिरियन्स?"

"या धंद्यातला? चार पिढ्यांचा आहे."

मुलगा गोंधळला. त्याच्या कॉम्प्युटरवर तसला काही पर्याय नव्हता, म्हणून त्यानं 'फ्रेशर' टाकलं. काकांनी वाकून स्क्रीनवर बघितलं आणि मान डोलावली. मला वाटलं, हे आता रागावून उठणार. पण त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला: "पुस्तकं कुठल्या बाजूला आहेत?"

मी हसले, कारण पुस्तकांची बाजू अशी आमच्याकडे नव्हतीच. हे काय प्रकरण आहे ते आत्ताच सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा समजेल. वेअरहाऊसमध्ये माल आला की तो जो कप्पा रिकामा असेल त्यात टाकायचा. पुस्तकाशेजारी तवा आला तरी चालतो, तव्याशेजारी बाहुली आली तरी चालते. टाकताना स्कॅनरनं वस्तू टिपायची आणि कप्पा टिपायचा. कुठं काय आहे ते मशीन लक्षात ठेवतं. ऑर्डर आली की मशीन पोराच्या हातातल्या स्कॅनरवर कप्प्याचा नंबर दाखवतं, पोरगं तिथं जाऊन वस्तू उचलतं आणि पुढं पाठवतं. त्याला काय उचललं ते वाचायचीही गरज पडत नाही.

काकांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे दुकान लावलेलंच नाही."

"लावलंय की काका. मशीनच्या हिशोबानं लावलंय."

"बरं," म्हणाले. पुढं बरेच महिने त्या विषयावर ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, माणूस रुळला.

कामाला ते चोख होते. फक्त एक खोड होती. पुस्तक हातात आलं की आधी ते उभं धरायचे, वरच्या कडेवर एक फुंकर मारायचे, मग तळहातावर हलकंच आपटायचे आणि मगच ट्रेमध्ये ठेवायचे. ते पुस्तक सकाळीच खोक्यातून निघालेलं असो, त्यावर धुळीचा कण नसो, फुंकर मारलीच पाहिजे. पोरं त्यांची नक्कल करायची. शाम्पूची बाटली घेऊन तिच्यावर फुंकर मारायची आणि तळहातावर आपटायची. काका त्यांच्याकडे बघून हसायचे आणि पुढच्या पुस्तकावर फुंकर मारायचे.

जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसायचे, कारण पोरांच्या टेबलांवर मोबाईलवरचे व्हिडिओ मोठ्या आवाजात चालायचे. त्या अर्ध्या तासात मला पुस्तकांच्या धंद्याचा जेवढा इतिहास कळला तेवढा शाळेत कुठल्याच विषयाचा कळला नव्हता.

"आमचे पणजोबा राणीच्या राज्यात पुस्तकं विकायचे," असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं, कुठली राणी? तर इंग्लंडची. मिसरूड फुटायच्या वयात पणजोबांनी पुस्तकांचं गाठोडं पाठीवर घेतलं आणि मावळातल्या जत्रा धरल्या. तेव्हा पुष्कळ पुस्तकं छापखान्यातून सुट्ट्या पानांचीच यायची. बांधणी ज्याची त्यानं करून घ्यायची. कोणी खणाचं कापड लावायचं, कोणी घरातल्या जुन्या लुगड्याचं. गिऱ्हाइकांतल्या बहुतेकांना वाचता येत नसे. मग पणजोबा झाडाखाली बसून एक प्रकरण मोठ्यानं वाचायचे आणि बरोबर रंगात आलं की थांबायचे. पुढचं हवं असेल तर पुस्तक घ्या आणि गावात ज्याला वाचता येतं त्याला धरा.

"मग घ्यायचे लोक?"

"अहो, भांडून घ्यायचे. सासूनं मेलेल्या सुनेला पुन्हा जिवंत केलं का नाही, हे कळल्याशिवाय झोप लागेल का कुणाला?"

आजोबांनी गाठोडं खाली ठेवलं आणि तळेगाव स्टेशनाबाहेर फळी टाकली, कारण माणसं आता रेल्वेनं हिंडायला लागली होती. गाडी येईपर्यंत पसंत पडलं पाहिजे म्हणून ते पातळ पुस्तकंच ठेवायचे. मग दादा, म्हणजे काकांचे वडील. गावात शाळा वाढल्या, तसं दादांनी शाळेच्या रस्त्यावर गाळा घेऊन पक्कं दुकान काढलं. जून महिना सांभाळला की वर्ष निघायचं. बाकीचे अकरा महिने दादा आपल्या आवडीची पुस्तकं विकायचे.

काकांच्या वेळेला कारखाने आले होते. तरुणपणी ते टेम्पोत पत्र्याच्या पेट्या घालून पिंपरी-भोसरीच्या कंपन्यांत जायचे आणि कँटीनमध्ये पुस्तकांचं प्रदर्शन लावायचे. दिवाळीचा बोनस झाला की त्या आठवड्यात. शिफ्ट सुटली की माणसं ऑईलनं माखलेल्या हातांनी थेट टेबलाशी यायची. काकांनी तोड काढली. टेबलाच्या तोंडाशी एक बादली, साबणाची वडी आणि टॉवेल ठेवला. हात धुवा, पुसा, मग पुस्तक उघडा. कामगारांना हे फार आवडलं. एक फोरमन म्हणे पुस्तक कधीच घ्यायचा नाही, पण हात धुवून एकेक पुस्तक उघडून बघायचा आणि नमस्कार करून जायचा. दरवर्षी यायचा. काका त्याच्यासाठी नवा टॉवेल काढायचे.

एक गोष्ट मात्र त्यांच्या धंद्याच्या मुळावर येणारी होती, आणि ती त्यांनीच मला अभिमानानं सांगितली. ते गिऱ्हाइकाला परतवायचे. कोणी जाडजूड पुस्तक काउंटरवर ठेवलं की विचारायचे, "कुणासाठी?" सासऱ्यांसाठी म्हटलं की म्हणायचे, "हे नको, अक्षर बारीक आहे. त्यांना त्रास होईल." मुलीला वाढदिवसाला म्हटलं की, "अजून दोन वर्षांनी द्या, आत्ता दिलंत तर नावडतं होईल." एकदा एक गृहस्थ शेअर बाजारावरचं पुस्तक घ्यायला आले, तर काकांनी त्यांना तासभर बसवून चहा पाजला आणि हात हलवत परत पाठवलं. मी म्हटलं, काका, तुम्ही दुकानदार होता का कोण होता? त्यावर म्हणाले, "चुकीचं पुस्तक घेऊन गेलेला माणूस परत येत नाही, ताई."

तरी माणसं यायची कमी झालीच. पोरं दुकानात यायची, पुस्तक चाळायची, मोबाईलवर फोटो काढायची आणि "काका, नंतर येतो" म्हणून जायची. नंतर कोणी येत नसे. हे काय चाललंय ते बघावं म्हणून काकांनीही भाच्याच्या मोबाईलवरून एक पुस्तक मागवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दारात आलं, ते स्वतः ज्या भावानं घाऊक आणायचे त्याहून स्वस्तात. त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. पाठवणाऱ्याचा पत्ता होता चाकणचा.

"मी म्हटलं, आपलं गिऱ्हाईक चाकणला जातंय होय. मग एवढं काय लांब नाही." डब्यातली भाकरी मोडत काका म्हणाले. "पणजोबा जत्रेत गेले, आजोबा स्टेशनावर बसले, दादा शाळेपाशी आले. गिऱ्हाईक गेलं तिकडं आपण जायचं. मी दुकान बंद केलं, ताई, धंदा नाही सोडला."

हे वाक्य ते पुष्कळदा म्हणायचे. इतक्यांदा, की ते मला सांगत नसून आणखी कुणाला तरी सांगतायत हे माझ्या लक्षात यायला लागलं. एक दिवस मी विचारलंच. मग कळलं, की दुकानाचं शटर शेवटचं ओढलं त्या दिवसापासून दादा त्यांच्याशी बोललेले नाहीत.

भांडण नाही, आदळआपट नाही. दोघं एका घरात राहायचे, एका पंगतीला जेवायचे. फक्त दादा लेकाशी बोलायचे नाहीत, सुनेमार्फत बोलायचे. ताटं शेजारी-शेजारी आणि दादा म्हणायचे, "सूनबाई, त्याला म्हनावं मिठाचं भांडं हिकडं सारायला." काका मीठ सारायचे. काकू बिचाऱ्या मध्ये बसून निरोप पोचवायच्या, जो आधीच पोचलेला असायचा. ऐकताना मला हसू आलं. मग काकांचा चेहरा बघितला आणि हसल्याचं वाईट वाटलं.

"काय म्हणणं काय आहे त्यांचं?"

"मी धंदा बुडवला. पणजोबांपासून चालत आलेला. आता मी गोदामात हमाली करतो." काकांनी डब्याचं झाकण लावलं. "मी हिलाच म्हटलं मोठ्यानं, दादांना सांग, मी अजून पुस्तकंच विकतो. तर तिकडून निरोप आला: त्याला म्हनावं, आज कुनाला इकलं त्ये सांग. येक नाव सांग."

ते नाव काकांकडे नव्हतं. आमच्याकडे पुस्तक उचलणाऱ्याला गिऱ्हाईक दिसत नाही. फक्त कप्प्याचा नंबर दिसतो.

त्यानंतर चहाच्या सुट्टीत काका पॅकिंगच्या टेबलांपाशी दिसायला लागले. पाकिटांवरचे पत्ते वाचायचे. नावं नाही, कारण तेवढा कायदा त्यांना मी सांगितला होता. पण गावं वाचायचे. संध्याकाळी घरी जाऊन काकूंना सांगायचे, दादांना ऐकू जाईल अशा बेतानं. आज किनवटला एक गेलं. सावंतवाडीला दोन गेली, दोन्ही मुलांची. पार नागालँडला एक मराठी पुस्तक गेलं, कोण असेल गं तिकडं? काकू म्हणायच्या, मला काय ठाऊक. गावं सुरू झाली की दादा रेडिओ बारीक करायचे. ही गोष्ट काकांनी मला एवढ्या आनंदानं सांगितली, की गावंही वाचू नका असं सांगायचं माझ्या जिवावर आलं.

आणि मग त्यांनी तो घोटाळा केला.

एका दुपारी नेटवर्क गेलं. स्कॅनर बंद, स्क्रीन बंद, माल वाहणारे सरकते पट्टे बंद. अशा वेळी करण्यासारखं काही नसतं. पोरं कँटीनमध्ये जाऊन बसली, मी ऑफिसात फोन लावत बसले. नेटवर्क यायला चांगले दीड-दोन तास लागले. काका कुठं आहेत याचा मला पत्ता नव्हता.

सगळं सुरू झालं तसा माझ्या स्क्रीनवर लाल खुणांचा पाऊस पडायला लागला. पोरं कप्प्यापाशी जातायत आणि पुस्तक तिथं नाही. पाकशास्त्राचं पुस्तक मागितलंय, कप्प्यात गणिताचं गाईड आहे. गाईड मागितलंय, कप्प्यात चार्जर आहे. मला वाटलं चोरी. लाल खुणा ज्या रांगेच्या होत्या तिथं धावत गेले, तर काका रांगेच्या तोंडाशी उभे होते. बाह्या पहिल्यांदाच कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर घाम, आणि चेहरा असा खुललेला मी कधी बघितला नव्हता.

"बघा ताई," म्हणाले.

त्यांनी अख्खी रांग लावली होती. पाककृतीची पुस्तकं एका ठिकाणी. स्पर्धा परीक्षांची एका ठिकाणी. देवाधर्माची वरच्या कप्प्यांत, कादंबऱ्या नजरेच्या उंचीला, कणे बाहेर करून, नावं वाचता येतील अशा. कुकर, चार्जर, बाटल्या सगळ्या पलीकडच्या कोपऱ्यात ढकललेल्या. आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात लहान मुलांची चित्रांची पुस्तकं.

"ही खाली का?" मी विचारलं. खरं तर मला ओरडायचं होतं, पण तोंडातून हेच आलं.

"मुलांच्या हाताला आली पाहिजेत ना."

त्या शेडमध्ये आजवर एकही मूल आलेलं नव्हतं. मी डोक्याला हात लावला आणि म्हटलं, "काका, इथं माणूस शोधत नाही. मशीन शोधतं. तुम्ही हलवलेलं त्याला कसं कळणार?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग रांगेकडे बघितलं. त्यांच्या लक्षात आलं ते मला चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी बाह्या सोडल्या आणि मनगटाची बटणं लावली.

"चार महिने डोळ्यांना सहन होत नव्हतं," एवढंच म्हणाले. "मला वाटलं, नेटवर्क नाही तोवर आपण हातानं दुकान चालवू."

तो दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस आमच्या नाकी नऊ आले. ऑर्डरी रद्द झाल्या, गाड्या अर्ध्या भरून गेल्या. मॅनेजर साहेबांचं म्हणणं, या माणसाला आजच्या आज काढा. चूक मोठी होती हे मलाही मान्य होतं. पण काकांना काढलं तर संध्याकाळी त्या घरात काय होईल ते माझ्या डोळ्यांपुढं आलं. मुलगा हमाल झाला आणि हमालीतूनही काढला गेला. दादांचं म्हणणं कायमचं खरं ठरलं असतं. मी साहेबांकडे शब्द टाकला, माझ्या जबाबदारीवर ठेवा म्हटलं. ते तयार झाले ते एका अटीवर: पुस्तकं उचलायचं काम बंद, परत आलेल्या मालाच्या विभागात बसवा.

जाण्याआधी ती रांग पुन्हा टिपून घ्यायची होती. मशीनच्या हिशोबानं एका जातीचा माल एका जागी चालत नव्हता, सारखी दिसणारी पुस्तकं शेजारी असली की उचलणारा चुकतो. म्हणून सगळं पुन्हा विखरायचं होतं. काका म्हणाले, मी लावलंय, मीच विखरतो. एकेक पुस्तक फुंकर मारून उचलायचे आणि कुठल्या तरी कप्प्यात तव्याशेजारी ठेवून यायचे. मी टिपत होते. मध्येच म्हणाले, "ताई, मी जन्मात पहिल्यांदा पुस्तकं विसकटतोय." मी पुढचं पुस्तक टिपलं.

परत आलेल्या मालाचा विभाग म्हणजे आमच्याकडे शिक्षाच. फाटकी खोकी, वापरून परत केलेल्या चपला, लोकांच्या तक्रारी. पण काका तिथं आठ-पंधरा दिवसांत रमले. कारण सांगितलं तेव्हा मी चाट पडले. तिथं गिऱ्हाईक दिसतं, म्हणाले. पुस्तक परत येतं तेव्हा त्याबरोबर कारण येतं. 'अक्षर लहान आहे.' 'मला दहावीचं हवं होतं.' 'वडिलांना आवडलं नाही.' काका ती कारणं वाचायचे आणि मान हलवायचे.

"हे परत आलं नसतं," म्हणायचे. "मी विकलंच नसतं."

फुंकर मात्र तिथंही सुटली नाही. परत आलेल्या पुस्तकाला जरा जास्तच मारायचे.

घरी त्यांनी घोटाळ्याचं सांगितलं नाही. गावंही सांगायची बंद केली, कारण आता पाठवलेली नव्हे, परतलेली पुस्तकं त्यांच्या हाताखाली होती. एक दिवस काकूंमार्फत निरोप आला: "त्याला म्हनावं, गावं संपली व्हय?" काकांनी मला हे सांगितलं आणि कितीतरी वेळ डबा उघडला नाही.

हिवाळ्यात कंपनीचा फॅमिली डे असतो. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांत असतो. त्या दिवशी घरच्यांना आत आणता येतं, नारिंगी जाकीट घालून दोरीच्या आतून फिरवतात, मग मांडवात जेवण आणि मुलांना फुगे. काकांनी काकूंचं एकटीचं नाव दिलं होतं. आदल्या आठवड्यात ते माझ्याकडे आले, चेहरा उतरलेला.

"दादा येतो म्हणतायत."

"मग चांगलंच आहे की."

"काय चांगलं, ताई? हिला म्हणाले, त्याला म्हनावं म्या येनार हाय, बघतो कसलं दुकान हाय त्ये. मी काय दाखवू त्यांना? परत आलेल्या चपला?"

मी त्यांना तेवढ्या दिवसापुरतं पुन्हा त्या रांगेपाशी उभं करायचं कबूल केलं. पाहुण्यांना माहिती सांगायला कोणीतरी लागतंच. काका खूश झाले, मग पुन्हा रेंगाळले. "दादा बघतील तेव्हा पुस्तकाशेजारी कुकर असेल."

"असेल."

"एकच कप्पा जर..."

"काका."

"नाही, नाही. हात नाही लावणार मी." आणि खरंच लावला नाही.

फॅमिली डेला दादा आले. मी एखादा उग्र म्हातारा डोळ्यांपुढं आणला होता. हे तर अगदी लहानखुरे, धोतर, टोपी, हातात काठी, आणि वर ते नारिंगी जाकीट गुडघ्यांपर्यंत आलेलं. काकू त्यांचा हात धरून चालत होत्या. मी पुढं होऊन नमस्कार केला आणि बरोबर चालू लागले. पट्टे, लिफ्ट, पॅकिंगची टेबलं, सगळं दाखवलं. रांगेपाशी आलो. काका तिथं ताठ उभे होते, बटणं मनगटापर्यंत लावून. दादांनी लेकाकडे बघितलं नाही. कप्प्यांकडे बघितलं.

खूप वेळ बघत राहिले. एका कप्प्यात पुस्तक, मग मिक्सरचं भांडं, मग पुस्तक, मग लोकरीची टोपी. त्यांनी हात पुढं केला तसा दोरीपाशी उभा असलेला सिक्युरिटीचा पोरगा म्हणाला, "बाबा, हात नका लावू." दादांनी हात मागं घेतला. मला त्या पोराचा राग आला, पण नियम मीच शिकवलेला होता.

"ह्ये कोन लावतंय?" दादांनी मला विचारलं.

"मशीन सांगतं, आजोबा. माणसं ठेवतात."

"आन् गिऱ्हाईक?"

"ते घरी असतं. मोबाईलवरून मागवतं."

"म्हंजी हितं येत न्हाई कुनीच."

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलायची सोय नव्हती. काकांनी मान खाली घातली.

दादांनी काठी या हातातून त्या हातात घेतली आणि वर बघितलं. शेडचं छप्पर फार उंच आहे, तिथवर नजर पोचायला वेळ लागतो. ते टोपी सावरत या टोकापासून त्या टोकापर्यंत छप्पर बघत राहिले. काकूंना वाटलं चक्कर येतेय, म्हणून त्यांनी दंड धरला.

"पत्रा हाय," दादा म्हणाले. "पावसाळ्यात गळतंय का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबले. दादा माझ्याकडे बघत नव्हते. काकूंकडेही बघत नव्हते.

काकांना कळायला क्षणभर लागला. मग ते दोरी ओलांडून दादांच्या जवळ आले. "न्हाई दादा," म्हणाले. आमच्याशी पुस्तकी बोलणारे काका एकदम घरच्या बोलीवर आले. "थेंब न्हाई येत. मी सगळा पावसाळा रोज बघितलंय."

"ओल?"

"न्हाई. खालचा कप्पा जमिनीपास्नं हातभर वर घेतलाय."

"भिताडाला टेकवलाय का माल?"

"मधी जागा सोडलीय. माणूस जाईल येवढी."

दादांनी वाकून खरंच जागा बघितली. काकाही त्यांच्याबरोबर वाकले. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघितलं; मी त्यांचा हात धरून त्यांना मांडवाकडे घेऊन निघाले. निरोप पोचवायचं त्यांचं काम संपलं होतं, आणि मला रडू आलं होतं ते पोरांना दिसायला नको होतं. त्याच महिन्यात माझी बदली नाशिकला झाली. त्यामुळे काकांना मी शेवटचं बघितलं ते हेच, जाताना मागं वळून. दोन दुकानदार आपल्या मालापाशी वाकून उभे होते, आणि धाकटा थोरल्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होता.

"आन् वाळवी?" दादांनी विचारलेलं मला ऐकू आलं.